पंचविसांचा कट्टा

गोळ्यांच्या नावांखाली डॉक्टरांनी लिहिलं : रोज चालणे.
चाळीस वर्षं मांडी घालून बसलेल्या बाईला
हे कोण शिकवणार?
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा,
हजार विड्या झाल्या की उठायचं.
चालणं म्हणजे दळण, चालणं म्हणजे रेशन.
कुठं जायचंच नसताना
चालतात कसं?

म्हणून पहिले आठ दिवस
मी बागेत रिकामी पिशवी घेऊन गेले.
कुणी विचारलंच, तर भाजीला निघाले होते.

साखर पेठेमागची ही बाग नावाचीच.
कारंजं आहे, पाणी नाही.
हत्तीच्या घसरगुंडीची सोंड कुणीतरी तोडून नेली.
कडुलिंब अकरा. बाकडी सहा, त्यातलं एक तीन पायांचं,
त्यावर बसायचं तर दोघांनी, आणि एकदमच.
मला ती आहे तशी मिळाली.
मीही तिला तशीच मिळाले.

मोजायची सवय जात नाही.
पंचवीस पावलं झाली की बोटं आपोआप दोरा गुंडाळतात :
एक कट्टा.
चाळीस कट्टे म्हणजे हजार.
इथं छाट काढायला चेकर नाही,
वाकडं पाऊलही धरतात.

यंबय्या गड्डम दोन्ही कान मागाच्या खटखटाटात ठेवून आलेले,
त्यामुळं स्वतःचं गुपितही ओरडून सांगतात,
आणि सगळ्या बागेला कळतं
की त्यांना रात्री झोप लागत नाही.
बादशहा नदाफ. लोकांच्या गाद्या पिंजून पिंजून
छातीत कापूस साठलाय.
एका फेरीत तीनदा थांबतात, आणि थांबले की झाडाकडं बघतात,
म्हणजे झाड बघायलाच थांबले असं वाटावं.
(पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी पिशवी आठवली.)
हत्तरकीबाई विचारतात, "आराम इद्दीरि?"
मी तेलुगूत कुरकुरते,
त्या मराठीत हसतात.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
त्या सकाळी बाग ओस,
कुणी कुणाची काळजी करत नाही.
पण मंगळवारी पाणी नव्हतं, आणि यंबय्याही नव्हते.
बुधवारीही नाहीत.
नदाफ म्हणाले, "चला, बघू."
त्या दिवशीची फेरी फाटकातून बाहेर पडली,
पिठाच्या गिरणीवरून, तीन बोळ ओलांडून.
नदाफ एकदाही झाड बघायला थांबले नाहीत.

दार आतून बंद. टीव्ही मोठ्यानं चालू.
हाका मारून काय उपयोग!
शेजारच्या पोरानं पत्र्यावरून आत उडी टाकली.
मोरीपाशी पडले होते, शुद्धीत,
आणि आम्हाला बघून ओरडले,
"आज किती फेऱ्या झाल्या?"

खुब्यात सळई घातलीय.
मुलगा भिवंडीहून येऊन गेला.
माझी साखर दोनशे ऐंशीवरून एकशे सत्तरवर आलीय,
डॉक्टर विचारतात, कुठली गोळी लागू पडली?
मी चिठ्ठी पुढं करते, तुम्हीच बघा म्हणते.

पिशवी अजून नेतेच.
आता तिच्यात दोन भाकरी असतात, यंबय्यांच्या गोळ्या,
आणि कानाच्या मशीनचे सेल, जी ते घालत नाहीत.
माझे तीन हजार झाले की त्यांच्याकडं जाते,
बागेतलं सगळं ओरडून सांगते :
कुठला कडुलिंब मोहरला, कोण आलं नाही,
तीन पायांच्या बाकड्यावर कोण एकटंच बसलं आणि पडलं.

काल ते वॉकर धरून खाटेपासून उंबऱ्यापर्यंत आले.
एकोणीस.
तोंड पाडून म्हणाले, "कट्ट्याला सहा कमी."

कारखान्यात कुणाच्या कमी पडल्या
की शेजारीण आपल्या सुपातल्या टाकायची,
कुणी हिशेब लिहून ठेवला नाही.

"सहा माझ्यातली लावा,"
मी त्यांच्या कानाशी ओरडले.